सत्तेचाळीस की एकोणनव्वद

सकाळी सात वाजता वहिनीनं बादलीत हात घातला आणि तसाच वर काढला. हाताला गोटे लागले ते ठीक, गोट्यांसाठीच तर बादली होती. पण गोट्यांबरोबर बोटांना चिकटून वर आले ते पांढरे पापुद्रे, नखाएवढे, भिजून मऊ झालेले. एकावर अजून अर्धा आठ दिसत होता.

तिनं दुसरी बादली पाहिली, तिसरी पाहिली. मग टबही पाहिला, उगाचच, कारण तिथं काय दिसणार ते तिला कळून चुकलं होतं. चाळीस वर्षांत नानांनी, तिच्या सासऱ्यांनी, वेचलेले एकशे अठरा गोटे, आणि एकावरही नंबर शिल्लक नव्हता.

आता ही चूक केवढी, हे घराबाहेरच्या माणसाला सांगूनही पटायचं नाही. दगड जागेवर आहेत ना, मग झालं तर! पण अकीक, म्हणजे पोटात रंगीत पट्टे असलेले हे गोटे, जमवणाऱ्याला विचारा. गोटा कुठं सापडला ते माहीत नसेल तर तो नुसता देखणा दगड, टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवायच्या लायकीचा. म्हणून नाना प्रत्येक गोट्यावर व्हाइटनरचा ठिपका देत, तो वाळला की बारीक काळ्या पेननं नंबर घालत, आणि त्या नंबरापुढं वहीत सगळं लिहीत: तारीख, जागा, वजन, सालीचा रंग. वही कपाटात सुखरूप होती. पण वहीतली कुठली ओळ कुठल्या गोट्याची, हे सांगणारे ठिपके सोड्याच्या पाण्यात तरंगत होते.

आणि चार वाजता कॉलेजच्या मॅडम गाडी घेऊन यायच्या होत्या. भूशास्त्र विभागात नानांच्या संग्रहासाठी काचेचं कपाट करून तयार होतं. त्यासाठी तर नणंद, म्हणजे ताई, आणि धाकटा दीर आज येणार होते. वरचा मजला कुणाचा यावरून झालेल्या त्या भांडणानंतर दीड वर्षानं, वहिनीचा नवरा धरून, तिन्ही भावंडं एका टेबलाशी बसणार होती. चांगला मुहूर्त काढला होता वहिनीनं!

तिनं लपवालपवी केली नाही. दहा वाजता धाकटा आला, मागोमाग ताई आली, चहा झाला, आणि तिनं ताटलीत ते पापुद्रे घेऊन सगळ्यांसमोर ठेवले.

"हे काय?" ताईनं चष्मा लावला. ताई शाळेची मुख्याध्यापिका, कुठलीही वस्तू ती उत्तरपत्रिकेसारखी हातात घेत असे.

"नंबर," वहिनी म्हणाली. "काल संध्याकाळी गोटे गरम पाण्यात सोडा घालून भिजत टाकले. सकाळी बघते तर सगळे निघालेले."

नाना खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, हातातला कप त्यांनी अलगद, बोटांनी टेबलाची कड चाचपून, खाली ठेवला.

"सगळे?" त्यांनी विचारलं.

"सगळे, नाना."

"अगं पण का?" ताईचा आवाज चढला. "धुवायला सांगितलं होतं कुणी? ते दगड आहेत वहिनी, भांडी नाहीत!"

"मॅडम येणार म्हणून. जरा स्वच्छ दिसावेत म्हणून."

"स्वच्छ!" धाकट्यानं कपाळावर हात मारला. "बावीस वर्षं तू त्या दगडांच्या नावानं बोटं मोडतेस. पलंगाखाली दगड, बाल्कनीत दगड, बाथरूममध्ये दगड. शेवटी उट्टं काढलंस म्हणायचं."

"मुद्दाम नाही केलं मी."

"तसं कोण म्हणतंय," ताई म्हणाली. पण ती तसंच म्हणत होती, आणि ते टेबलाभोवतीच्या सगळ्यांना कळत होतं.

खरं कारण वहिनीला सांगता येत नव्हतं, आणि ते सांगता येत नाही याचाच तिला जास्त संताप येत होता. गोटे कापायच्या करवतीच्या टाकीत तेल असतं. कापलेल्या गोट्याच्या तोंडावर ते तेल मुरतं, आणि मग आतले पट्टे काजळी धरल्यासारखे मळकट दिसतात. सोड्याच्या पाण्यानं तेल निघतं. मॅडम त्या कापलेल्या तोंडांवर बोट फिरवणार, भिंगातून बघणार, आणि ती तोंडं झळझळीत दिसावीत अशी वहिनीची फार इच्छा होती. कारण गेल्या सहा वर्षांतला एकूण एक गोटा तिनं कापला होता.

हे घरात दोनच माणसांना ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी नानांच्या डोळ्यांचा पडदा बिघडला. कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. म्हणजे माणूस घरात फिरतो, पायऱ्या उतरतो, कुठं धडपडत नाही, पण समोर धरलेलं अक्षर त्याला वाचता येत नाही आणि समोर बसलेल्याचं नाक दिसत नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यातून परततानाच धाकटा म्हणाला होता, "नाना, नजर गेली असेल तर करवत आधी काढून टाकायची हां. मला उगाच भानगड नको." धाकटा लिफ्टचा मेकॅनिक. मशिनीत अडकलेली बोटं त्यानं डोळ्यांनी पाहिलेली होती, त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. नानांनी ठोकून दिलं, "डावा डोळा उत्तम आहे." आणि दुसऱ्या दिवशी मागच्या शेडमध्ये जाऊन सुनेला हाक मारली.

तेव्हापासून दुपारी दोन ते चार नाना स्टुलावर बसत आणि ती करवतीपाशी. नवरा ऑफिसात. लोक म्हणत, नानांचा हात अजून काय स्थिर आहे! नाना हसून मान डोलवत. लग्नकार्यात भेट दिलेल्या चकत्यांचं कौतुक व्हायचं, तेव्हा वहिनी चहाचे कप गोळा करत असायची.

"मी काय म्हणतो," धाकटा आता मऊ आवाजात म्हणाला, आणि तो आवाज घरातले सगळे ओळखत होते. "झालं ते झालं. मॅडमना फोन करून टाकू, येऊ नका म्हणून. नंबरच नाहीत तर त्या तरी नेऊन काय करणार? गोटे आपण तिघांत वाटून घेऊ. प्रत्येकी एकोणचाळीस. एक उरतो, तो नानांना."

"वा!" नाना म्हणाले. "मला एक. मोठ्या मनाचा आहेस."

"अहो, थट्टा नाही करत. वडिलांची आठवण म्हणून प्रत्येकाच्या घरी राहतील. कॉलेजच्या कपाटात कोण बघणार आहे?"

ताईनं चष्मा काढून पुसला, तिथंच वहिनीच्या लक्षात आलं. संग्रह कॉलेजला द्यावा म्हणून वर्षभर थोरल्या भावाच्या बाजूनं उभी राहिलेली ताई आता पापुद्र्यांकडे बघत विचार करत होती. "नंबर नसतील तर खरंच अर्थ नाही," ती हळूच म्हणाली. बाजू बदलायला तिला चहाचा एक कप पुरला.

"वजन," थोरला, म्हणजे वहिनीचा नवरा, म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो सहसा बोलत नसे, त्यामुळे बोलला की आधी बोललंय कोण इथपासून सुरुवात व्हायची.

"वहीत प्रत्येक गोट्याचं वजन आहे. कापल्यावरचंसुद्धा. एकेक वजन करायचं आणि वहीत शोधायचं."

तो वजनमापं तपासणारा इन्स्पेक्टर होता. पंचवीस वर्षं त्यानं दुकानदारांचे काटे तपासण्यात घालवली आणि घरात त्या ज्ञानाचा कधी कुणाला उपयोग झाला नव्हता. आज झाला. वहिनीनं स्वयंपाकघरातला काटा आणून टेबलावर ठेवला. त्यानं तो उचलला, हलवून पाहिला, खाली ठेवला.

"हा कुणाच्या दुकानात दिसला असता तर मी जप्त केला असता."

"मग ऑफिसातला आण ना," ताई म्हणाली.

"सुट्टीच्या दिवशी सरकारी काटा घरी आणला तर मलाच कुणीतरी जप्त करेल. चालेल हा. दोन ग्रॅम इकडेतिकडे धरायचे."

आणि मग साडेदहापासून तीनपर्यंत जे चाललं त्याला काय म्हणावं! जेवणाचं टेबल, त्यावर चादर, चादरीवर एकशे अठरा गोटे. थोरला वजन करायचा, ताई वहीत बोट फिरवून ओळ शोधायची, धाकटा नव्यानं नंबर घालायचा. तोंडानं तो कुरकुरत होता, पण त्याचं अक्षर तिघांत चांगलं, आणि हे त्यालाही माहीत होतं. वहिनी गोटे पुसून हातात देत होती. नाना खुर्चीतून नुसतं ऐकत होते.

"चारशे सहा," थोरला म्हणायचा.

"चारशे सहा... चारशे सात आहे. बावीस नंबर. नदीचा उतार."

"साल हिरवी आहे का?" नाना विचारायचे.

"हिरवट आहे."

"तो पुलाच्या खालचा. तुमची आई पाण्यात बसली होती त्या दिवशी. घसरून."

"बसली होती की पडली होती?"

"पडली होती. पण बसले म्हणायची."

शंका आली की गोटा जिभेला लावायचा, ही त्या घराची जुनी खोड. गोटा ओला झाला की सालीखालचे पट्टे उठून दिसतात, आणि उन्हाळ्यात आटलेल्या नदीवर तहानलेल्यांनी पाण्याची बाटली दगडांवर कशाला रिकामी करायची! तिन्ही मुलं लहानपणापासून चाटत आलेली. मुख्याध्यापिका झाली म्हणून ताईची खोड गेली नव्हती. दुपारपर्यंत तिनं दहाबारा गोटे चाटून पाहिले. "आता तरी धुतलेले आहेत," धाकटा म्हणाला, "वहिनीचे उपकार." ताई हसली. वहिनीही हसली. पहिल्याच वर्षी तिनं नदीवर या सगळ्यांना एका रांगेत दगड चाटताना पाहून तोंड फिरवलं होतं, तेव्हापासून तिच्या नावावर एक वाक्य पडलं होतं: वहिनीला गोटा काय आणि बटाटा काय, सारखाच.

तीन वाजेपर्यंत एकशे सोळा गोट्यांवर नंबर चढले. उरले दोन. दोन्ही न कापलेले, मुठीपेक्षा मोठे, दोन्ही मातकट सालीचे. काट्यावर एक सहाशे बारा भरला, दुसराही सहाशे बारा.

"वहीत बघ," थोरला म्हणाला.

"सत्तेचाळीस नंबर, सहाशे बारा, वीटभट्टीमागची टेकडी. एकोणनव्वद नंबर, सहाशे तेरा, नदीचा उतार." ताईनं मान वर केली. "अरे देवा."

"पुन्हा कर."

पुन्हा केलं. आता पहिला सहाशे तेरा आणि दुसराही सहाशे तेरा. थोरल्यानं काट्याकडे असं पाहिलं की काट्याला लाज वाटावी.

"टेकडीच्या गोट्याच्या खळग्यांत लाल माती होती," नाना म्हणाले. "ती बघा."

माती सोड्याच्या पाण्याबरोबर सकाळीच मोरीत गेली होती. वहिनीला वाटलं, जमीन दुभंगून आत जावं.

मॅडम चारला पाच मिनिटं कमी असताना आल्या. पन्नाशीच्या, दणकट बुटांच्या, कमी बोलणाऱ्या. घडलेलं त्यांना ताईनंच सांगितलं, आणि "आमच्या वहिनीनं कौतुकानं धुतले" असं म्हणून सांगितलं, ज्यात कौतुक कमी आणि वहिनी जास्त होती. मॅडम रागावल्या नाहीत. वही आणि नंबर ताडून त्यांनी दहापंधरा गोटे तपासले, मान हलवली आणि भिंग काढून त्या दोघांपाशी बसल्या. बराच वेळ बसल्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "बाकीचे मी डोळे झाकून नेते. पण मला सगळ्यात जास्त हवा होता तो सत्तेचाळीस. ती टेकडी बाहेरच्या रस्त्यासाठी फोडून टाकली, तिथला नोंद असलेला गोटा आता कुणाकडे नाही. आणि यातला कोणता तो मला बाहेरून सांगता येत नाही. खात्री नसेल तर दोन्ही इथंच राहू देत. चुकीचं लेबल लावण्यापेक्षा न लावलेलं बरं."

"आतून कळेल?" थोरल्यानं विचारलं.

"तिथले आणखी कापलेले आहेत का?"

"माझ्याकडे आहे ना!" ताई म्हणाली. "माझ्या लग्नात नानांनी दिलेली चकती. बैठकीत भिंतीवर आहे. दुधी पांढऱ्यावर केसासारखे लाल पट्टे. मी रोज बघते."

"मग प्रश्नच मिटला. एकाच्या टोकाला नुसती खिडकी पाडा, बोटभर. आत लाल निघालं तर हा, नाही तर तो."

"नाना पाडतील की!" धाकटा उठलाच. "चला नाना. मॅडमना दाखवा तुमचा हात."

वहिनीनं नानांकडे पाहिलं. नाना समोर बघत होते, म्हणजे कुठंच बघत नव्हते. आता ते म्हणतील, आज कंबर दुखतेय. म्हणतील, पातं बोथट झालंय. काहीतरी सुचेलच त्यांना, नेहमी सुचतं.

"चला," नाना म्हणाले आणि उठले.

शेडमध्ये सहाजण मावतील एवढी जागा नव्हती, तरी कसेबसे मावले. करवत भिंतीला लागून होती, नानांनी नोकरीत असताना टूलरूममधल्या भंगारातून स्वतः जुळवलेली: मोटर, पट्टा, हिऱ्याचा भुगा बसवलेलं पातं, खाली तेलाची टाकी, समोर गोटा धरायचा शिकंजा. नाना स्टुलावर बसले. दोन्ही गोटे त्यांनी हातात तोलले, एक बाजूला ठेवला, दुसरा अंगठ्यानं चाचपत फिरवला. देखणं दिसत होतं ते, खोटं कशाला बोला. ताईनं कौतुकानं मॅडमकडे पाहिलं. नानांनी गोटा शिकंज्यात बसवला आणि मूठ आवळायला सुरुवात केली.

वहिनी त्यांच्या खांद्यामागं होती. गोट्याच्या पोटावरून एक केसाएवढी चीर तिरकी गेली होती. बोटाला न लागणारी, डोळ्यालाच दिसेल अशी. पातं नेमकं त्या चिरेत उतरणार होतं. उतरलं की गोटा दुभंगणार, तुकडा उडणार, आणि नाना टाकीवर वाकून बसले होते, झाकण उघडं ठेवून. आणि तो सत्तेचाळीस असला, तर टेकडीचा शेवटचा गोटा तुकडे होऊन तेलात पडणार.

"नाना, थांबा," ती म्हणाली.

"बाजूला हो सूनबाई."

"तिथून नका कापू."

"तुला काय कळतं यातलं?" नाना कडाडले.

मुलांसाठी होतं ते, तिला कळलं. सहा वर्षांचं नाटक निभावून न्यायला. तरी ते लागायचं तिथं लागलंच.

"वहिनी, अगं काम करू दे त्यांना," ताई दातओठ खात म्हणाली. "सकाळपासून एवढं झालं ते पुरे नाही का?"

"बटाटा नाही तो, वहिनी," धाकटा म्हणाला, आणि मॅडमसुद्धा किंचित हसल्या.

नानांचा हात बटणाकडे गेला.

तिनं पुढं होऊन भिंतीवरचा मेन स्विच बंद केला. शिकंज्याची मूठ उलटी फिरवून गोटा काढून घेतला आणि, विचार न करता, रोज करायची तसं, त्याच्या टोकावरून लांब जीभ फिरवली. उजेडाकडे धरला. वळवला. पुन्हा एकदा दुसऱ्या टोकाला चाटला.

"पोटावर चीर आहे," ती म्हणाली. "पट्टे या टोकाला सालीपर्यंत आलेत. खिडकी इथं पाडायची, चिरेला आडवी."

आणि मग तिच्या लक्षात आलं की सगळे तिच्याच तोंडाकडे बघतायत. ताईचं तोंड उघडं राहिलं होतं. बावीस वर्षांत वहिनीनं गोट्याला जीभ लावलेली कुणी पाहिली नव्हती.

"हे तू..." तिचा नवरा म्हणाला आणि थांबला. तो तिच्या हाताकडे बघत होता. त्या हातानं मेन स्विच न बघता बंद केला होता.

ती नानांकडे वळली. सांगू का, असं विचारायला, पण नानांना तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि तेच तर सांगायचं होतं. "सहा वर्षं झाली, मीच कापते," ती म्हणाली. "नानांना मधलं काही दिसत नाही. चीर दिसली नाही त्यांना."

"नाना?" ताई म्हणाली.

नानांची मान खाली गेली होती, आणि वहिनीला स्वतःचीच शरम वाटली. परक्या बाईसमोर, तिन्ही मुलांसमोर. कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता तिनं, आणि मोडला होता.

"खरं आहे," शेवटी ते म्हणाले. "मी नुसता बसतो. शिकवायला म्हणून बसायचो, आता तेवढंही राहिलं नाही." ते स्टुलावरून उठले, भिंतीला हात लावून बाजूला झाले. "काप बाई. मॅडम खोळंबल्यात."

तिनं गोटा बसवला, झाकण लावलं, मेन चालू केला. पहिल्यांदाच कुणाच्या देखत कापत होती, पण हातांना सवय होती आणि त्यांनी तिला विचारलं नाही. पात्याचा आवाज आधी चढा, मग भरीव झाला. आठदहा मिनिटं लागली. टोक सुटून तेलात पडलं. तिनं मोटर बंद केली, गोटा काढला, चिंधीनं पुसला आणि न बघताच ताईच्या हातात दिला.

ताईनं चष्मा कपाळावर सरकवला. दुधी पांढऱ्यावर, सालीच्या आतून सुरू होऊन, केसासारखे लाल पट्टे गेले होते.

"हाच," ताई म्हणाली. "मॅडम, हाच. माझ्या भिंतीवर हाच आहे." आणि तिला रडू फुटलं. गोट्यासाठी की नानांसाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मॅडमनी भिंगातून पाहिलं, वहीत पाहिलं, "सत्तेचाळीस," म्हणाल्या आणि पुढं एवढंच: "कापलंय फार सुरेख." मग खोके गाडीत भरायला त्या आणि थोरला बाहेर गेले. शहाण्या बाई होत्या.

धाकट्यानं मात्र तोवर वाकून करवतीचा प्लग उपटला होता. "विषय संपला," तो म्हणाला. त्याचा आवाज रागानं घोगरा झाला होता. "झाकण उघडं! तुकडा डोळ्यात गेला असता, नाना. सहा वर्षं आम्हाला उल्लू बनवलंत. ही आज खोलून घेऊन जातो मी."

"ने," नाना म्हणाले. "काय बोलणार मी."

ताईनं डोळे पुसले आणि वहिनीचे दोन्ही तेलकट हात हातात घेतले. असं तिनं आजवर कधी केलं नव्हतं. "किती केलंस गं तू नानांसाठी. आणि आम्ही सकाळपासून काय काय बोललो तुला. स्वतःला एवढा वीट असून, त्यांचं मन राखायला सहा वर्षं... पोटच्या मुलीनं नसतं केलं."

बावीस वर्षांत या घरात तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. नुसतं गप्प बसलं असतं तरी ते कायमचं तिच्या नावावर झालं असतं, त्या बटाट्याच्या जागी. तिला ते हवंहवंसं वाटलं. पण धाकट्याच्या हातात प्लग होता.

"नाही ताई," ती म्हणाली. "पहिलं वर्षभर त्यांच्यासाठी केलं. नंतर नाही."

"म्हणजे?"

"नाना दुपारी झोपलेले असले तरी मी कापते. ते पंधरा दिवस तुमच्याकडे होते तेव्हाही कापत होते. मला आवडतं. दगड घरभर पडलेले मला अजून आवडत नाहीत, पण कापायला आवडतं. आत काय निघतंय ते बघायला. आणि काल भिजत टाकले तेही स्वच्छतेसाठी नाही. मी कापलेली तोंडं मॅडमना नीट दिसावीत म्हणून. मिरवायचं होतं मला."

हे बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं आणि थोडी भीतीही वाटली.

"आवडतं?" नाना म्हणाले. ते तिच्याकडे वळले, मान थोडी तिरकी करून, कडेच्या नजरेत तिला पकडायला करायचे तशी. "तुला?"

"हो."

"मग कधी बोलली का नाहीस? रोज दोन वाजता कपाळाला आठी घालून यायचीस. मला आठी दिसत नाही, पण चपला आपटलेल्या ऐकू येतात ना!"

"ती कामाची गडबड असायची, नाना."

"मी समजत होतो तुला जाच होतोय माझा." नानांचा आवाज अडखळला. "म्हातारा काही सोडत नाही आणि सून बिचारी तेलात हात घालतेय. म्हणून तर सगळं कॉलेजला देऊन टाकायचं ठरवलं मी. तुझी सुटका व्हावी म्हणून!"

बाहेर मॅडमच्या गाडीचं मागचं दार लागल्याचा आवाज आला. एकशे अठरा गोटे, खोक्यांत भरून. वहिनीनं त्या आवाजाकडे एकदा पाहिलं.

"जाऊ देत ते," ती म्हणाली. "तिथं नीट राहतील. नदीवर आणखी आहेत."

नाना हसले की रडले ते कळलं नाही, दोन्हीचा आवाज एकच आला. ताई जाऊन त्यांच्याजवळ उभी राहिली. धाकटा प्लग हातात धरून मध्येच उभा होता. ओढून काढताना होता तो आवेश कुठल्या कुठं गेला होता.

"मग हिचं काय करू, नाना?" त्यानं विचारलं.

"मला काय विचारतोस?" नाना म्हणाले. "मी चालवतो का ती? जिची आहे तिला विचार."

धाकटा वहिनीकडे वळला. वरच्या मजल्याच्या भांडणात, ताईच्या नव्या घराच्या वेळी, नानांच्या ऑपरेशनच्या वेळी, कुठल्याही वेळी त्यानं तिला काही विचारलेलं तिला आठवत नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "काय करू?"

"अर्थिंग नीट करून दे," वहिनी म्हणाली. "बटणाला हात लावला की मुंग्या येतात."